त्या तारखेला तो माणूस कुठे होता?

इतिहासाच्या पदवीच्या पहिल्या वर्षात मी लिहिलेला पहिला निबंध अजून माझ्याकडे आहे. विषय होता हिंदुस्थानातील इंग्रजी शिक्षणाचा आरंभ, आणि सुरुवातीलाच मी मेकॉलेच्या तोंडचे एक वाक्य अवतरणचिन्हांत घातले होते. आपण हा देश उभा-आडवा फिरलो, पण एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही, तेव्हा या लोकांचा कणा मोडायचा असेल तर त्यांची जुनी शिक्षणपद्धतीच बदलली पाहिजे, अशा आशयाचे ते वाक्य त्याने २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये उच्चारले, असे मी पूर्ण विश्वासाने लिहिले होते. ते मी भाषणांत ऐकले होते, फलकांवर वाचले होते, फोनवर तर कितीदा तरी आले होते; इतक्या ठिकाणी असलेली गोष्ट तपासायची असते, हे माझ्या मनातही आले नव्हते. निबंध परत आला तेव्हा त्या परिच्छेदाशेजारी बाईंनी समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले होते : ‘या तारखेला मेकॉले कुठे होता?’

उत्तर शोधायला ग्रंथालयात दहा मिनिटेही लागली नाहीत. मेकॉले १८३४ साली गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा कायदा सदस्य म्हणून हिंदुस्थानात आला आणि १८३८ साली परत गेला. त्या काळी विलायतेचा प्रवास जहाजाने आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून करावा लागे आणि त्याला कित्येक महिने लागत, त्यामुळे मधल्या काळात तो जाऊन आला असेल ही पळवाटही बंद होती. त्या तारखेचा त्याचा खरा कागद आहे तो त्याच्या शिक्षणविषयक टिपणाचा, आणि तो मी त्या आठवड्यात प्रथमच मुळातून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. त्यात भिकारी नाहीत, चोर नाहीत आणि कणा मोडण्याची भाषाही नाही. संस्कृत आणि अरबी आपल्याला येत नाही, हे त्यात तो स्वतःच कबूल करतो आणि तरीही चांगल्या युरोपीय ग्रंथालयातले एक फडताळ हिंदुस्थान व अरबस्तानच्या सगळ्या वाङ्मयाच्या तोडीचे आहे असा निकाल देतो. रक्ताने आणि रंगाने हिंदी, पण अभिरुची, मते, नीती आणि बुद्धी यांनी इंग्रज असा एक वर्ग घडवावा, असेही सुचवतो. त्या बनावट वाक्यापेक्षा हे टिपण मला कितीतरी अधिक बोचले. बनावट वाक्यातला मेकॉले कारस्थानी आहे आणि कारस्थानी माणसाचा राग करून मोकळे होता येते. टिपणातला मेकॉले आपण या लोकांचे भलेच करतो आहोत अशी मनोमन खात्री असलेला अधिकारी आहे, आणि अशा खात्रीतून राज्यकारभाराचे निर्णय कसे होतात हे समजून घ्यायला पुढची तीन वर्षेही मला पुरली नाहीत.

पदवीसाठी इतिहास घेणे म्हणजे काय असते, असे मला अनेक जण विचारतात, विशेषतः बारावीनंतर विषय निवडायला बसलेली मुले आणि त्यांच्याहून जास्त काळजीत असलेले त्यांचे आईवडील. मला दर वेळी ती पेन्सिलीची ओळ आठवते. राजवंश, तह, लढाया, उठाव, दुष्काळ, करपद्धती असे पुष्कळ काही मी त्या वर्षांत वाचले आणि त्यातले बरेचसे विसरलेही असेन, परंतु ‘हे तुला कशावरून कळले?’ या प्रश्नाला सामोरे जाण्याची सवय मात्र अंगात मुरली. शाळेतल्या इतिहासात उत्तर आधीच ठरलेले असते आणि आपण ते किती नेमके परत करतो यावर गुण मिळतात. विद्यापीठात येऊन पहिले काही महिने मुले गोंधळतात, ती याच कारणाने. अभ्यास किती करायचा हे त्यांना कळते, पण अभ्यास कशाला म्हणायचे तेच बदललेले असते.

अभ्यासक्रमाची रचना विद्यापीठागणिक वेगळी असली तरी साचा साधारण एकच असतो. आधी मोठ्या कालखंडांचे आणि प्रदेशांचे आढावा घेणारे पेपर, मग निवडीचे विषय, कुठेतरी मध्यावर इतिहासलेखनशास्त्राचा, म्हणजे इतिहास कसा लिहिला जातो याचा पेपर, आणि शेवटी अनेक ठिकाणी एक लघुप्रबंध. आढाव्याचे पेपर कंटाळवाणे वाटतात, पण ते नीट करावेत, कारण सोळाव्या शतकात अमेरिकेतून निघालेली चांदी चीनपर्यंत का जात होती हे ज्याला ठाऊक नाही, त्याला त्याच काळातल्या एखाद्या बंदराच्या जकातीचे आकडे वाचून काहीच उमगणार नाही. त्यांच्याविषयी यापेक्षा अधिक सांगण्यासारखे माझ्याकडे नाही. खरी गंमत दुसऱ्या वर्षी सुरू होते.

आमची सुरू झाली ती एका पत्राने. साधनांची चिकित्सा शिकवताना बाईंनी आम्हा सात जणांना अठराव्या शतकातल्या एका मराठी पत्राची नक्कल दिली आणि आठवडाभर दुसरे काहीही वाचू नका, असे बजावले. पत्र जेमतेम पंधरा ओळींचे होते. कोणी कारभारी आपल्या धन्याला लिहितो आहे की फौजेचा रोजमुरा, म्हणजे पगार, थकला आहे, लोक रोज दाराशी बसतात, नदीला पूर असल्याने पलीकडे उतरता येत नाही, तरी ऐवजाची तजवीज व्हावी. आरंभी रिवाजाप्रमाणे ‘छ ५ रजब पावेतो येथील वर्तमान यथास्थित’ असे आहे. पहिल्या दिवशी आमच्यापैकी एकाने याच ओळीचा आधार घेऊन परिस्थिती सुरुवातीला बरी होती आणि नंतर बिघडली, असा निष्कर्ष काढला. बाईंनी त्याला त्याच संग्रहातली आणखी दहा पत्रे वाचायला सांगितली. दहाही पत्रांत वर्तमान यथास्थित होते, अगदी ज्यात मृत्यूची बातमी होती त्यातसुद्धा. ती ओळ म्हणजे शिष्टाचार होता, पुरावा नव्हे. आणि कोणती ओळ रिवाजाची व कोणती माणसाची हे ओळखायला एक पत्र कधीच पुरत नाही, हे त्या दिवशी कळले ते कायमचे.

मग आला तारखेचा प्रश्न. ‘छ’ म्हणजे चंद्र, म्हणून ही रजब महिन्याची पाचवी तारीख; पण साल दिलेलेच नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला चालू साल ठाऊक होते, ते लिहिण्याची गरज त्यांना का वाटावी? ज्या कागदांत साल असते तेथेही ते सरळ आकड्यांत असेलच असे नाही. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे अरबी शब्द मराठी मजकुरात येतात आणि ते एक, साठ, शंभर आणि हजार असे मांडून ११६१ हा आकडा काढावा लागतो. हे शुहूर सन, मराठ्यांच्या कागदांत चालणारी एक कालगणना. ते मृगाला सुरू होते, म्हणून इसवी सन काढताना वर्षाच्या पहिल्या भागासाठी ५९९ आणि जानेवारीपासूनच्या भागासाठी ६०० मिळवायचे. ११६१ म्हणजे १७६०-६१, पानिपतचे वर्ष. आमच्या पत्रात तेही नव्हते. मात्र नदीला पूर होता. हिजरी वर्ष चांद्र असून सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते, त्यामुळे त्याचे महिने ऋतूंमधून मागे मागे सरकत जातात. रजब पावसाळ्यात पडतो अशी दहा-अकरा वर्षे सलग येतात आणि हे सगळे चक्र सुमारे ३३ वर्षांनी पुन्हा फिरून येते. म्हणजे पुराच्या एका उल्लेखाने आम्हाला शतकातली बहुतेक वर्षे बाद करता आली. उरलेल्या वर्षांतून पत्रातल्या माणसांच्या हयातीवरून आणखी काही गेली. शेवटी तीन वर्षे शिल्लक राहिली आणि आम्हा सात जणांत तीन तट पडले. वार दिला असता तर थोडी मदत झाली असती, पण तीही थोडीच, कारण चंद्रदर्शनावर महिना ठरत असल्याने गणिताच्या तारखेत एखाद्या दिवसाचा फरक पडतोच. बाईंनी उत्तर सांगितले नाही. त्यांनाही ते ठाऊक नव्हते, आणि तसे त्यांनी मोकळेपणाने सांगितले.

तारखांचा हा घोळ आपल्याकडच्या कागदांपुरताच असतो, अशी कोणी समजूत करून घेऊ नये. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद ३० जानेवारी १६४९ रोजी झाला असे आज आपण लिहितो, परंतु त्या काळच्या इंग्रजी कागदांत ते वर्ष १६४८ असते, कारण तेथे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई आणि ही पद्धत १७५२ पर्यंत चालली. रशियातील ऑक्टोबर क्रांती आपल्या कॅलेंडरप्रमाणे ७ नोव्हेंबर १९१७ला झाली. तेथे अजून ज्युलियन पंचांग चालू असल्यामुळे त्यांच्याकडे तो दिवस २५ ऑक्टोबरचा होता. पुढे १९१८ साली त्यांनी पंचांग बदलले तेव्हा ३१ जानेवारीनंतर एकदम १४ फेब्रुवारी उजाडला. परीक्षेत तारखा पाठ करणारा विद्यार्थी आणि तारीख कशी ठरते हे जाणणारा विद्यार्थी यांत मला फार मोठे अंतर दिसते, आणि पदवीच्या अभ्यासाने ते अंतर पार करून दिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. जे वर्ग तयार नोट्सवर चालतात तेथे ते होत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. मुले हुशार असतात, तीन वर्षे घालवतात आणि एकही अस्सल कागद न वाचता इतिहासाची पदवीधर होतात.

इतिहासलेखनशास्त्राचा पेपर अवघड म्हणून बदनाम आहे. मलाही सुरुवातीला तो नावांची जंत्री वाटला : एकोणिसाव्या शतकात मूळ साधनांचा आणि दफ्तरांचा आग्रह धरणारा रांके, १९२९ साली नियतकालिक काढून समाज, शेती आणि मनोवृत्ती यांच्या दीर्घकालीन इतिहासाकडे लक्ष वळवणारे ब्लॉख आणि फेव्र, इंग्लंडच्या कामगारवर्गाची घडण १९६३ साली मांडणारा थॉमसन, १९८०च्या दशकात वंचितांच्या इतिहासाची मालिका सुरू करणारे रणजित गुहा. ही नावे पाठ करून पेपर सुटतो, पण हाती काही लागत नाही. माझ्या हाती लागले ते एका गिरणीवाल्यामुळे.

इटलीच्या फ्रिउली भागात सोळाव्या शतकात डोमेनिको स्कांडेल्ला नावाचा एक गिरणीवाला होता. लोक त्याला मेनोक्किओ म्हणत. दुधापासून जसे चीज बनते आणि त्यात किडे पडतात, तसे आरंभीच्या गोंधळातून जग घट्ट होत गेले आणि त्यातून देवदूत निर्माण झाले, असे तो चारचौघांत सांगत असे. धर्मन्यायालयाने त्याच्यावर दोनदा खटला चालवला आणि १५९९ साली त्याला मृत्युदंड दिला. कार्लो गिन्झबर्ग या इतिहासकाराने त्या खटल्यांच्या कागदांवरून १९७६ साली त्याच्याविषयी ग्रंथ लिहिला. मला हलवून गेली ती एक साधी गोष्ट : मेनोक्किओवर खटला भरला गेला नसता, तर त्याचे एकही वाक्य आपल्यापर्यंत पोचले नसते. त्याच्या शेजारच्या गिरणीवाल्यालाही काही वाटत असेल, पण त्याला कोणी पकडले नाही, म्हणून तो इतिहासात नाही. सामान्य माणूस दफ्तरात येतो तो कर थकल्यावर, कर्ज बुडाल्यावर, आरोप आल्यावर; बाई येते ती वारसाच्या भांडणात किंवा कोणाची तरी विधवा म्हणून. शिवाय तिचे म्हणणे लिहून घेणारा कारकून वेगळाच असतो आणि प्रश्न विचारणारा त्याहून वेगळा. हे ध्यानात आल्यावर दफ्तराकडे पाहण्याची माझी नजर पार बदलली. कागदात काय आहे यासोबत कागदात कोण येऊच शकत नव्हते, हेही मी विचारू लागले, आणि रांकेपासून गुहांपर्यंतची ती जंत्री मग एका लांबलेल्या वादासारखी वाचता आली, ज्यात प्रत्येक जण आधीच्याला सांगतो आहे की तुम्ही हा प्रश्न विचारलाच नाही.

या अभ्यासाचे कष्ट मात्र कोणी कमी लेखू नयेत. प्रयोगशाळा नाही, आकडेमोड नाही, म्हणून विषय सोपा, असे बाहेरून दिसते. प्रत्यक्षात आठवड्याला दोन-तीनशे पाने वाचणे, त्यातली बरीचशी न आवडणाऱ्या भाषेत वाचणे, आणि वाचून झाल्यावर लेखकाचा दावा कोणता, आधार कोणता आणि दोहोंच्या मध्ये कुठे फट आहे हे चार ओळींत लिहिणे, याला फार चिकाटी लागते. मी पहिले वर्षभर टिपणे काढली ती पृष्ठांक न लिहिता. तिसऱ्या वर्षी लघुप्रबंधाच्या वेळी एका आकड्याचा मूळ संदर्भ शोधण्यात माझे नऊ दिवस गेले आणि शेवटी तो ज्या पुस्तकात आहे असे मला पक्के आठवत होते, त्यात तो नव्हताच. तेव्हापासून पृष्ठांक आधी आणि मजकूर मागून, असा माझा क्रम आहे. दुसरी अडचण भाषेची. ज्या काळाचा अभ्यास करायचा त्या काळाची भाषा आणि लिपी येत नसेल, तर आपण कायम दुसऱ्याच्या भाषांतराच्या भरवशावर राहतो, आणि ते भाषांतर करणाऱ्याने कोणती ओळ गाळली हे आपल्याला कधीच समजत नाही. मोडी असो, फारसी असो की लॅटिन, पदवीच्या पहिल्याच वर्षी एक तरी शिकायला घ्यावी. पुढे वेळ मिळत नाही.

नोकरीचा प्रश्न मी टाळणार नाही, पण त्यावर फार थांबणारही नाही. अध्यापन, पुराभिलेखागारे, वस्तुसंग्रहालये, पत्रकारिता, प्रकाशन, कायद्याचे पुढील शिक्षण, प्रशासकीय सेवा अशा वाटा इतिहासाच्या पदवीधरांनी पूर्वापार धरल्या आहेत. मात्र पदवी हातात पडली आणि नोकरी दाराशी आली, असे या विषयात होत नाही, हे घरात बसून मोकळेपणाने बोलावे. ज्यांना आपल्या पूर्वजांचा केवळ गौरव ऐकायचा आहे त्यांनीही थोडा विचार करावा. प्रेम असू नये असे मी म्हणत नाही, माझे स्वतःचे आहे. पण हा अभ्यास आवडत्या माणसाच्या कागदालाही तेच प्रश्न विचारायला लावतो जे नावडत्याच्या कागदाला विचारले, आणि ते पहिल्यांदा करताना घशाशी काहीतरी अडकते.

पदवीच्या विद्यार्थ्याने काय मोठे संशोधन करायचे, असा एक सूर नेहमी ऐकू येतो. मराठी वाचकाला तरी तो पटू नये. ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध केला आणि पुढे अनेक वर्षे तोच अखेरचा शब्द मानला गेला. त्यावर चिकित्सक निबंध लिहिला तो नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी, १८६०च्या दशकात, स्वतः कॉलेजात शिकत असताना. त्यानंतर १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, पत्रे समोर ठेवून बखरींतल्या चुका दाखवल्या आणि अशा साधनांचे २२ खंड उभे केले. राजवाड्यांच्या कामाचा पल्ला आपल्यापैकी कोणाला झेपणार नाही. परंतु छापून मान्य झालेल्या ग्रंथाला ‘हे कशावरून?’ असे विचारणारे कीर्तने त्या वेळी वयाच्या विशीत होते, आणि हे मी दर वर्षी नव्याने येणाऱ्या मुलांना आवर्जून सांगते.

ते पंधरा ओळींचे पत्र मी सोडले नाही. लघुप्रबंध संपल्यावर हातात थोडे दिवस होते, म्हणून त्याच घराण्याचा दुसरा एक संग्रह मी पानापानाने चाळला. त्यात त्याच कारभाऱ्याच्या नावाची एक पावती निघाली, तिच्यावर शुहूर सन अक्षरी लिहिलेले होते आणि रोजमुऱ्याची बाकी चुकती केल्याचा उल्लेख होता. आमच्या तीन वर्षांपैकी एक त्यामुळे बाद झाले. माझ्या तटाचे जे वर्ष होते, तेच. मी ती पावती उतरवून बाईंकडे नेली. त्यांनी ती दोनदा वाचली, पेन्सिल काढली आणि समासात लिहिले, ‘ही बाकी त्याच वर्षाची कशावरून?’ त्याचे उत्तर मला अजून देता आलेले नाही. उरलेल्या दोन वर्षांच्या बाजूने आणि विरुद्ध जे जे सापडले ते एका वहीत पृष्ठांकांसह लिहून ठेवले आहे, आणि या वर्षी ती वही मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला दिली आहे.